एकच उपविधी, दोन इमारती

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे किंवा नवी मुंबईत कोपरखैरणे, सानपाड्याच्या सेक्टरांतून फिरताना जोड इमारती दिसतात. बिल्डर एक, नकाशा एक, ताबा मिळाल्याचं वर्षही एक. पहिलीची लिफ्ट चालू, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वेळेवर झालेलं, मीटरच्या खोलीला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे. दुसरीच्या सज्ज्यांतून सळ्या बाहेर आलेल्या, लिफ्टच्या दारावर महिन्यांपूर्वी चिकटवलेला ‘बंद आहे’ असा कागद आणि प्रत्येक खिडकीबाहेर वेगळी प्लास्टिकची टाकी. आत राहणारी माणसं मात्र सारखीच, बँकेतली, रेल्वेतली, कंपनीतली, दुकानदार, निवृत्त शिक्षक. दोन्हीकडे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू, तेच छापील आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवण्याचे नियम, तेच सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय.

देशांबद्दल विचारला जाणारा मोठा प्रश्न इथे दोन विंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा असतो. एक समाज सुबत्तेकडे जातो, दुसरा तितक्याच कष्टाळू माणसांचा असूनही अडकून पडतो, असं का होतं? चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे मिळणारं उत्तर म्हणजे ‘आपल्या लोकांची मानसिकताच तशी’. हे उत्तर मला पटत नाही, आणि ते घातकही वाटतं, कारण ते दिलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

संस्कृतीवर सगळा भार टाकणाऱ्यांत मोठमोठे विद्वान होऊन गेले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट पंथाची काटकसर आणि कामावरची निष्ठा यांचा भांडवलशाहीशी संबंध जोडला. चीनमध्ये तशी वाढ का झाली नाही, याचं कारण त्यांनी बरंचसं कन्फ्यूशियसच्या शिकवणीत शोधलं. पुढे त्याच शिकवणीत वाढलेले तैवान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर जगाच्या डोळ्यांदेखत श्रीमंत झाले, तेव्हा काही अभ्यासकांनी त्या श्रीमंतीचं श्रेयही कन्फ्यूशियसलाच दिलं. एकच शिकवण अपयशाचं आणि यशाचं, दोन्हींचं कारण होत असेल, तर ती नेमकं काय सांगते? कोरियाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. भाषा, जेवण, पूर्वज, सणवार सगळं एक असलेला देश १९४५ मध्ये दुभंगला आणि दोन पिढ्यांत त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी जगं उभी राहिली.

पण म्हणून ‘कायदा चांगला करा, बाकी सगळं आपोआप होईल’ असंही म्हणता येत नाही. इटलीनं १९७० मध्ये आपल्या १५ प्रांतांना एकदम निवडून आलेली सरकारं दिली, अधिकार सर्वांना सारखेच. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पुटनम आणि त्यांचे सहकारी वीसेक वर्षं या सरकारांचं काम मोजत राहिले. अंदाजपत्रक वेळेवर होतं का, दवाखाने उघडतात का, नागरिकाच्या पत्राला उत्तर येतं का. उत्तरेचा एमिलिया-रोमान्या पुढे गेला, दक्षिणेचा कालाब्रिया मागे पडला. उत्तरेत गायनमंडळं, क्रीडामंडळं, सहकारी संस्था भरपूर होत्या; दक्षिणेत माणसं काम करून घ्यायला मोठ्या माणसाच्या दारात जात. पुटनम यांनी याची मुळं मध्ययुगापर्यंत नेली. तिथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. आठशे वर्षांपूर्वीचं काही आजही टिकून असेल, तर ते रोजच्या रोज कशानं तरी टिकवलं जात असणार, आणि ते ‘कशानं’ जोवर समजत नाही तोवर काहीच समजलं नाही.

सोसायटीच्या हिशोबात ते सापडतं. आकडेच मांडू. समजा ८० घरांची इमारत आहे आणि दर घराचा बांधकामखर्च, जमिनीची किंमत सोडून, १२ लाख रुपये आहे. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, वर्षाला किमान पाव टक्का, म्हणजे ३,००० रुपये. दुरुस्ती-देखभाल निधी किमान पाऊण टक्का, म्हणजे ९,००० रुपये. दोन्ही मिळून घरामागे महिन्याला १,००० आणि इमारतीचे वर्षाला ९,६०,०००. बारा वर्षांत, व्याज न धरता, १,१५,२०,००० जमा होतात. बाहेरचं प्लास्टर, ड्रेनेजचे उभे पाइप, गच्ची, हे सगळं साधारण याच सुमारास एकदम काढायला येतं. पैसे साठवलेली इमारत सर्वसाधारण सभेत ठराव करून निविदा काढते. न साठवलेली इमारत प्रत्येक घराकडे एकदम १,४४,००० रुपये मागते. मग सुरू होतं ते ‘वरच्या मजल्याचं गळतंय, आमचा काय संबंध’, ‘आम्ही तळमजल्यावर, लिफ्टचे पैसे का द्यायचे’, ‘आमचं घर भाड्यानं दिलंय, भाडेकरूला विचारा’.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं उपविधींत केव्हाचीच छापलेली आहेत. गच्चीतून होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी. लिफ्टचा खर्च, वापर असो वा नसो, सर्व सभासदांवर सारखा. भाड्यानं दिलेल्या घरासाठी मालकानंच भरायचा जादा आकार, म्हणजे बिनभोगवटा आकार, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. नियमांची वाण नाही. तरी कित्येक सोसायट्या हे दोन निधी गोळाच करत नाहीत, कारण पहिल्याच सभेत कुणीतरी उठून म्हणतं, ‘पैसे साठवले की कमिटी खाणार.’ खाल्लेले नसतात. खातील असं वाटत असतं. ते वाटणं मेंटेनन्स कमी ठेवतं, कमी मेंटेनन्सवर खूश होऊन लोक तीच कमिटी पुन्हा निवडतात आणि बाराव्या वर्षी सळ्या दिसू लागतात. संस्कृती म्हणतात ती मला इथे दिसते. शेजारी काय करील याबद्दलचा आपला अंदाज, आणि त्या अंदाजावर बेतलेलं आपलं वागणं, एवढाच तिचा ऐवज. रक्तात, धर्मात, हवापाण्यात तिला शोधायला नको.

अंदाज बिघडतो कसा, तेही बारकाईनं पाहण्यासारखं आहे. महिना २,५०० प्रमाणे ८० घरांचे दोन लाख यायला हवेत. आठ घरं थकली तर २०,००० कमी येतात. वॉचमन, सफाई, पाणीपट्टी, जिन्यातली वीज आणि लिफ्टचा देखभाल करार त्यातूनही भागतो. अडचण आठ घरांची नसते. यादी कुणी दाखवत नाही, म्हणून जिन्यात ‘पंचवीस जण भरत नाहीत’ अशी कुजबुज सुरू होते, आणि आजवर वेळेवर भरणारा गृहस्थ ‘मग मीच एकटा का मूर्ख’ म्हणून हात आखडतो. महिनाभरात आठाचे खरोखर पंचवीस होतात. मग लिफ्टचा करार संपतो. पंप जळतो, रिवाइंडिंगचे पैसे आगाऊ मागितले जातात, दोन दिवस टँकर येतो. तिसऱ्या दिवशी ज्याला परवडतं तो स्वतःची टाकी बसवतो, मग स्वतःची बूस्टर मोटर, मग इन्व्हर्टर, मग सेफ्टी डोअर. प्रत्येकानं वेगळा केलेला हा खर्च एकत्र मोजला, तर वाचवलेल्या मेंटेनन्सच्या कितीतरी पुढे जातो. गरीब देशांतले सधन लोक जनरेटर, बोअरवेल आणि खासगी पहारेकरी यांवर ओततात तो हाच पैसा. अविश्वास फार महाग पडतो, आणि त्याची पावती एका ठिकाणी कधी मिळत नाही.

चांगल्या चालणाऱ्या इमारतींत काय वेगळं असतं? माणसं अधिक सज्जन असतात, असं मला वाटत नाही. थकबाकी दर तिमाहीला समितीपुढे येते आणि इतिवृत्तात नोंदली जाते. पहिल्या महिन्यात चिठ्ठी जाते, दुसऱ्यात सचिव स्वतः घरी जातात, कारण नोकरी गेली असेल किंवा घरात आजारपण असेल तर ते दारातच कळतं आणि हप्ते बांधून देता येतात. तरीही न भरल्यास सरळव्याज, तेही वर्षाला २१ टक्क्यांच्या आतच. आणि शेवटी कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज. बिघडलेल्या इमारतींत मधल्या पायऱ्या गायब असतात. तीन वर्षं कुणी काही बोलत नाही आणि मग एकदम पाणी तोडण्याची धमकी, पाठोपाठ पोलीस ठाणं.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी शतकानुशतकं टिकवणाऱ्या गावांत त्यांना हेच सापडलं होतं: लक्ष ठेवणारे आपल्यातलेच, शिक्षा आधी हलकी आणि मग चढती, भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटाच्या पाण्याचे तंटे आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी सुनावणी घेऊन सोडवतात.

ऐकीव अंदाज आणि खरा धाक यांचं नातं पार्किंगमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतं. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत नेमलेले देशोदेशींचे राजनैतिक अधिकारी राहतात आणि राजनैतिक संरक्षणामुळे त्यांच्याकडून पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी १९९७ ते २००२ मधल्या न भरलेल्या दंडांचा अभ्यास केला. रस्ता तोच, कायदा तोच, सवलतही तीच. स्वीडन, नॉर्वे, जपानच्या अधिकाऱ्यांची थकबाकी शून्य होती. कुवेतच्या अधिकाऱ्यांचे दरडोई दंड वर्षाला दोनशेच्या वर गेले होते. ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त, त्यांचे दंडही साधारणपणे जास्त. म्हणजे माणूस आपल्या गावची सवय सोबत नेतो, हे खरंच. पण २००२च्या अखेरीस शहराला थकबाकीदार गाड्यांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि उल्लंघनं जवळपास ९८ टक्क्यांनी घटली. त्या काही महिन्यांत कुणाची संस्कृती बदलली नव्हती. बदलला तो परिणामाचा अंदाज. आपल्याकडे स्टिल्टखाली रंगानं आखलेल्या जागांवरून होणारी भांडणं पाहिली की या अभ्यासाची आठवण होते. वाटप दरवर्षी चिठ्ठ्या टाकून, सर्वांसमोर झालं तर बहुतेक भांडणं उभीच राहत नाहीत. कमिटीच्या मर्जीनं झालं की ती पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

मात्र संस्था बाहेरून आणून बसवताना एक गोष्ट हमखास निसटते, आणि ती नवी मुंबईच्या जमिनीतच पुरलेली आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली. त्याआधी ठाणे खाडीच्या या काठावर आगरी-कोळ्यांची गावं होती, भातशेती आणि मिठागरं होती. खाऱ्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध घालून पिकवलेल्या या खारजमिनी. बांधाचं तंत्र साधं दिसतं, पण चुकीला क्षमा नसते. खाडीच्या चिकट गाळाचा बांध, त्यात ठरावीक जागी उघाडी, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबानं ती बाहेरच्या बाजूला उघडते, भरतीला खाडीच्या दाबानं मिटते. खेकडे बांधात बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, आणि एका रात्रीत खारं पाणी शेतात शिरतं. त्यानंतर मीठ धुऊन जाऊन चांगलं भात यायला दोनतीन पावसाळे जातात. त्यामुळे खांड कुणाच्या शेताशेजारी गेली हा प्रश्नच गैरलागू असतो, बुडायचं सगळ्यांनाच. अलिबागच्या खारेपाटात बांधबंदिस्तीसाठी गावानं मिळून राबण्याच्या रीतीला जोळ म्हणतात. गाव करी ते राव काय करी, ही म्हण तिथे शब्दशः खरी होती. प्रत्येक घरातून माणूस, न आला तर त्याचा बोभाटा.

खारजमिनींसाठी १९४८ आणि मग १९७९ मध्ये कायदे झाले, बांध सरकारी खात्याच्या योजनेत आले. हेतू उत्तम होता. मोठे बांध, दगडी पिचिंग, सरकारी पैसा. पण बांध ‘खात्याचा’ झाला आणि खेकड्याचं बीळ दिसलं तरी मूठभर गाळ लावायला कुणी खाली वाकेनासं झालं. अर्ज गेला, पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं, मंजुरी पुढच्या वर्षी. बीळ तोवर थांबत नाही. जोळीनं आठवड्यात होणारं काम खांड गेल्यावर लाखांचं होऊन बसलं. मी हा दोष खात्यातल्या माणसांना देत नाही. बांधावर रोज चालणाऱ्याची नजर फायलीत उतरवता येत नाही, आणि कायदा करताना त्या नजरेला जागा ठेवली गेली नाही.

खुद्द नवी मुंबईही त्याच तत्त्वावर उभी आहे. भरतीच्या रेषेखालच्या नोडांसाठी, म्हणजे शहराच्या नियोजित भागांसाठी, सिडकोनं धारण तलाव बांधले. भरतीला तोंडावरचे दरवाजे मिटतात, शहराचं पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. थोरली उघाडीच ती. आता त्या तलावांत गाळ साठला आहे, गाळावर कांदळवन वाढलं आहे आणि कांदळवनाला हात लावायला न्यायालयाची परवानगी लागते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सेक्टरांत पाणी भरतं. कांदळवनाचं संरक्षण योग्यच आहे. पण गाळ पहिल्या दहा वर्षांत नियमित काढला असता तर ही गाठ पडलीच नसती. तलावाकाठच्या रहिवाशांना तो आपला वाटत नाही, कारण त्याच्याशी त्यांचं कधी कामच पडलं नाही.

याच्या उलट, रीत मोडण्याऐवजी तिच्यावरच कायदा उभा केल्याचं उदाहरण नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आहे. मशीद बंदरच्या गोद्यांत सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेले हमाल टोळीनं काम करत. टोळी बहुतेक एका गावची किंवा एका खोऱ्यातली, राहायला एकाच गाळ्यात, मिळालेली मजुरी आपसांत वाटून घेणारी. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा हा माणूस कुणाचाच नोकर नव्हता. व्यापारी म्हणे हा मुकादमाचा, मुकादम म्हणे व्यापाऱ्याचा. पाठ मोडली तर घरी. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. त्यातली कल्पकता अशी, की टोळी फोडून प्रत्येकाला एकेका दुकानाचा नोकर करण्याचा खटाटोप केला नाही, कारण तो माणूस सकाळी एका गाळ्यावर आणि दुपारी दुसऱ्या गाळ्यावर ओझं उचलतो. टोळी टोळीच राहिली. व्यापारी आणि टोळी दोघांचीही कायद्यानं नेमलेल्या माथाडी मंडळात नोंदणी. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मजुरी मंडळामार्फत कामगाराला, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघेही.

बाजार मुंबईतून टप्प्याटप्प्यानं इकडे आला तेव्हा ही व्यवस्था त्याच्याबरोबर आली. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडी वसाहती आणि माथाडी रुग्णालय हे तिचं फळ. संस्कृतीतून संस्था आणि संस्थेतून सुबत्ता, हा प्रवास डोळ्यांनी पाहायचा असेल तर परदेशी जायची गरज नाही. ही व्यवस्था बिघडते कुठे, तेही तिथेच दिसतं. व्यापारी आणि टोळी लेव्ही चुकवायला आपसांत रोख मिटवतात, कागदावर मजुरी कमी दिसते आणि निवृत्तीच्या वेळी निधी तुटपुंजा निघतो. आणि माथाडी नाव लावून, ओझं न उचलता औद्योगिक वसाहतींत खंडणी मागणारे निघाले. त्यांच्या मागे टोळी नाही, गाळा नाही, गाव नाही. म्हणून त्यांना कुणाची लाजही नाही.

बोत्स्वानाचं उदाहरणही याच जातीचं. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अगदी गरीब देशांत होता. पुढे हिरे सापडले. पण हिरे तर आफ्रिकेत इतरत्रही सापडले आणि यादवीही घेऊन आले. बोत्स्वानात गावसभेत, त्यांच्या क्गोत्लात, मुखियाला तोंडावर बोलण्याची रीत होती आणि नव्या राज्यानं ती चालू ठेवली. सगळं श्रेय क्गोत्लाला देणं अतिशयोक्ती होईल. त्यांच्या पहिल्या नेत्यांचा शहाणपणा आणि हिऱ्यांच्या करारांची बांधणीही त्यात आहे.

आता वाशी, नेरुळ आणि ठाण्याच्या जुन्या भागांत पुनर्विकासाची लाट आहे, आणि तिथे हा सगळा विषय कोट्यवधी रुपयांचा होतो. कलम ७९अ खालच्या २०१९च्या निर्देशांत दोनतृतीयांश हजेरी, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, विकासक निवडण्याच्या सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी, सभेचं चित्रीकरण, प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी, असं सगळं सांगितलेलं आहे. पण एरवी ज्या इमारतीची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब करून मग दहाबारा जणांत उरकली जाते, तिथले लोक अचानक एकमेकांच्या सहीवर घर रिकामं करायला तयार होत नाहीत. विकासक हे ओळखतो, दोन गट करून ठेवतो आणि बोलणी खालच्या आकड्यावर नेतो. वर्षानुवर्षं हिशोब वाचून दाखवणाऱ्या इमारतीला त्याच प्लॉटवर घरामागे जास्त चटईक्षेत्र मिळतं, कारण तिच्याशी एकाच ठिकाणी बोलावं लागतं.

पडझड झालेल्या सोसायटीत ज्यांनी नव्यानं सूत्रं घेतली आहेत, त्यांनी लिफ्टपासून सुरुवात करू नये; मोठा खर्च आधी मागितला की जुना संशय जागा होतो. आधी तीन वर्षांची बँक पासबुकं आणि थकबाकीची खरी यादी जुळवावी. ‘पंचवीस’चे आठ निघाले तर अर्धं काम तिथेच होतं. मग सर्वांना रोज दिसणारं, महिन्याच्या आत पूर्ण होणारं एखादंच काम घ्यावं, जिन्यातले दिवे किंवा टाकीची सफाई, आणि बिलाची प्रत नोटीस बोर्डावर लावावी. सिंकिंग फंड वेगळ्या खात्यात, मुदत ठेवीत, आणि त्याचा आकडा दर तिमाहीच्या बिलाच्या तळाशी छापलेला असावा. थकलेल्यांना व्याज माफ करण्याची घाई करू नये, वेळेवर भरणारे त्यानंच दुखावतात. हप्ते मात्र जरूर द्यावेत. हे सगळं एप्रिलमध्ये सुरू केलं, तर ३० सप्टेंबरच्या आतल्या वार्षिक सभेपुढे ठेवायला एका पूर्ण तिमाहीचा हिशोब हातात असतो, आणि दुरुस्ती निधीचा ठराव तेव्हा मांडावा.